डॉकरमध्ये इरसी चालवतोय, घड्याळ साडेपाच तास मागे आणि कंट्रोल-पी गिळला जातोय

रात्रपाळी:
मंडळी, एक छोटा भाड्याचा सर्व्हर आहे, त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) टाकून इरसीची (टर्मिनलवर आयआरसी चॅट करायचा प्रोग्रॅम) ऑफिशियल इमेज, म्हणजे तयार साचा, चालवतोय, लिबेरा डॉट चॅट या आयआरसी नेटवर्कला ६६९७ पोर्टवर टीएलएसने (एनक्रिप्टेड) जोडलंय, जोडणी एकदम मस्त. पण तीन कटकटी आहेत. एक, सकाळी ९:१० ला कोणी बोललं तर समोर ०३:४० दिसतं. कुठेतरी वाचून होस्टची (सर्व्हरची) लोकलटाईम, म्हणजे टाइमझोनची फाईल कंटेनरच्या आत माउंट केली (जोडली), ढिम्म फरक नाही. दोन, मागच्या विंडोत जायला कंट्रोल-पी दाबतो तर काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबलं की मग जातं. तीन, सेव्ह मारलं की पर्मिशन डिनाइड, त्यामुळे कंटेनर उडवला की सगळे चॅनल परत हाताने जॉइन करा. वैताग आलाय. (मोबाईलवरून लिहितोय, कमांडा देवनागरीत वाचून घ्या.)

पिंपळपान:
दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्यावर मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय, कीबोर्ड खराब झाला असं समजून. तुझा कंट्रोल-पी इरसीपर्यंत पोचतच नाही, मध्ये डॉकर धरून ठेवतो. डॉकरमधून कंटेनर चालू ठेवून बाहेर पडायची किल्ली म्हणजे कंट्रोल-पी आणि लगेच कंट्रोल-क्यू, म्हणून पी आला की तो बिचारा क्यू येतोय का याची वाट बघत बसतो, आणि दुसरं काही दाबलंस की मग अडवलेला पी पुढे सोडतो. सर्व्हरवर तुझ्या होममध्ये डॉट डॉकर फोल्डरात कॉन्फिग डॉट जेसन असेल, नसेल तर बनव, त्यात डिटॅचकीज म्हणून दुसरं काहीतरी दे. मी कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस असं दोनदा ठेवलंय, चुकून दाबलं जात नाही. कंटेनर नव्याने बनवायला नको, बाहेर पडून परत अटॅच केलंस की लागू.

जुना लिनक्सवाला:
घड्याळाचं सांगतो. होस्टवर नुसतं डेट मारून बघा, पैज लावतो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) दाखवेल. भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवरच असतात, मग तीच फाईल आत माउंट करून काय मिळणार, मागचं घड्याळ मागच्याच घड्याळाला लावलंत. कंटेनरला टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबल द्या, एशिया स्लॅश कोलकाता. इमेज अल्पाईनवाली (त्या छोट्या लिनक्सवर बनलेली) असेल तर आत टीझेडडेटा (टाइमझोनच्या फाईलींचं) पॅकेज नसलं की हे नाव त्याला कळत नाही आणि तो गुपचूप यूटीसी धरतो, एररसुद्धा देत नाही. तेव्हा आयएसटी-५:३० असं लिहायचं, त्याला कुठलीच फाईल लागत नाही. चिन्ह नीट बघा हं, वजाच, इथे चिन्ह उलटं चालतं.

पर्मिशनचं म्हणाल तर माउंट केलेलं फोल्डर आधी स्वतः बनवलं होतंत का? नसेल तर मायनस व्ही (माउंटचा पर्याय) दिल्यावर डॉकरने ते रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) नावाने बनवलं असणार आणि आतला इरसी साध्या युजरने चालतो. एकदा चोन (मालकी बदलायची कमांड) करून मालकी स्वतःकडे घ्या आणि रन करताना मायनस यू ला आपला यूआयडी (युजर क्रमांक) द्या. आणि कमांड कुठून उचलली असेल तर माउंटच्या शेवटी कोलन आरओ (फक्त वाचायला) चिकटलंय का तेही बघा, ते असेपर्यंत सेव्ह होणारच नाही.

चहाबिस्किट:
मला एक सांगा, एका चॅटसाठी एवढा संसार कशाला? टीमक्समध्ये (बाहेर पडलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) इरसी सोडा, झोपा.

पिंपळपान:
@चहाबिस्किट मी पण तेच करायचो, पण इरसीत लोकांनी लिहिलेल्या पर्ल स्क्रिप्टा लोड करतो ना आपण, न वाचता, आणि त्या तुझ्याच युजरने चालतात, म्हणजे तुझ्या एसएसएचच्या (सर्व्हरवर लॉगिन करायच्या) किल्ल्यासुद्धा वाचू शकतात. कंटेनरमध्ये जेवढं माउंट केलंय तेवढंच दिसतं. अर्थात डॉकर ग्रुपात स्वतःला टाकलंस की ते जवळपास रूट झाल्यासारखंच, पण ते बाहेर तुझ्यापाशी, स्क्रिप्टपाशी नाही.

रात्रपाळी:
झालं! जुना लिनक्सवाला काका, पैज जिंकलात, होस्ट यूटीसीच होता. आपण पुढे आहोत म्हणून मी शहाणपणाने अधिक ५:३० लिहिलं आणि रात्री १०:२० ला ११:२० दिसायला लागले, आता अकरा तास मागे. मग तुमचं वाक्य परत वाचलं. फोल्डर रूटचंच होतं, चोन केल्यावर सेव्ह झालं. कंट्रोल-पी पण एका दाबात.

फक्त आता क्विट मारलं तरी दोन सेकंदात परत चॅनलवर हजर, लोक विचारतायत बाबा जातोयस की राहतोयस.

पिंपळपान:
कंटेनरच्या रिस्टार्ट पर्यायाला अनलेस-स्टॉप्ड (तू स्वतः थांबवेपर्यंत परत चालू) दिलं असशील, ऑन-फेल्युअर कर, म्हणजे बिघडून बंद पडलं तरच परत चालू होईल.