समाधी, निर्वाण आणि ख्रिस्ताची भेट: सगळं एकच का?

खानापूरकर
आम्ही कॅथलिक. वारीला निघालेली दिंडी दारावरून जाते तेव्हा आई पाण्याची कळशी घेऊन उभी असते, त्यामुळे परक्या श्रद्धेचा दुस्वास मला शिकवलेला नाही. पण परवा एका ध्यान शिबिरात ऐकलं, "गूढानुभव सगळ्यांचा एकच, नावं तेवढी वेगळी." हे पटत नाही. अद्वैत वेदान्तात जीव ब्रह्मच आहे हे कळलं की दुजेपण सरतं. बुद्ध तर आत्माच मानत नाही. आमच्यात साधक देवाच्या कितीही जवळ गेला तरी देव देव राहतो, माणूस माणूस. प्रेमाला दोघं लागतात. म्हणून आविलाची संत तेरेजा, सोळाव्या शतकातली स्पॅनिश जोगीण, या भेटीला लग्न म्हणते.

माळकरी, बेळगाव
अद्वैत वेदान्त म्हणजे अख्खा हिंदू धर्म नव्हे हो. तुकोबांनी मुक्तीच नाकारली, संतसंगासाठी पुन्हा गर्भवास मागितला. त्यांनाही दोघंच हवे होते! ज्ञानोबांच्या अमृतानुभवात शिव-शक्ती म्हणजे दोन डोळे, पण दृष्टी एक. आणि तेरेजाचं अर्धंच सांगितलंत. १५७७ साली लिहिलेल्या ग्रंथात तिनंच म्हटलंय, पावसाचं पाणी नदीत पडलं की वेगळं काढता येत नाही. हे विरघळणं नव्हे तर काय? ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले, ते उगीच नाही.

निपाणीहून
आम्हाला या पंगतीत बसवू नका. १९२५ साली बाबासाहेब आमच्या निपाणीत परिषदेला आले होते. पुढे त्यांनी जो धम्म दिला त्यात साक्षात्काराला जागा नाही. प्रज्ञा, शील, करुणा. शेजाऱ्याशी कसं वागता ते सांगा, डोळे मिटल्यावर काय दिसलं ते राहू द्या.

खानापूरकर
तुकोबांबद्दल माझी चूक झाली, मान्य. पावसाची उपमाही खरी आहे. कणकुंबीचा पाऊस मलप्रभेत मिसळताना लहानपणापासून बघतोय, निवडून काढता येत नाही. तरी त्याच ग्रंथात तेरेजा पुढे सांगते की या लग्नातून सत्कर्मं जन्मली पाहिजेत, बायबलातल्या दोघी बहिणी, राबणारी मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरिया, एकत्र हव्यात. म्हणजे विरघळलेली बाई परत स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी येते. निपाणीच्या दादांचा प्रश्न तिला मान्य झाला असता. फक्त ती म्हणाली असती, हे बळ माझं नाही, त्यानं दिलेलं आहे.

निपाणीहून
तिथंच आपलं जमत नाही. बळ माणसाचंच.

माळकरी, बेळगाव
आणि आमचा विठोबा? तोही देतोच की.