दुधाच्या दाढा किडल्यात: काढायच्या की वाचवायच्या?

ओवीची_आई
लेक साडेचार वर्षांची आहे. खाली दोन्हीकडच्या शेवटच्या दाढांना कीड लागलीय. डावीला तर खड्डाच पडलाय, पोळीचा घास त्यात जाऊन बसतो. परवा रात्री अडीचला गाल धरून उठली ती पहाटेपर्यंत रडत होती. आधी दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, दुधाचीच आहे, काढून टाकू. दुसरीकडच्या मॅडम म्हणतात, डावीचं रूट कॅनल करू आणि उजवीवर स्टीलची कॅप बसवू. सासूबाई म्हणतात, पडणाऱ्या दातांवर एवढा खर्च कशाला? खर्चाचं मी बघेन, पण एवढ्याशा जिवाला सुई टोचायची म्हटलं की पोटात गोळा येतो. कुणी केलंय का?

लहान_दात (मी मुलांचेच दात बघते)
शक्य असेल तर काढू नका. ही दाढ 10 ते 12 वर्षांपर्यंत लागते. साधारण सहाव्या वर्षी तिच्या मागे कायमची दाढ येते. पुढची आधीच काढली की ती पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. काढावीच लागली, तर जागा धरून ठेवणारी तार बसवून घ्या.

झोपेतून उठवणारी कळ म्हणजे बहुतेक कीड नसेपर्यंत पोचलीय. नुसतं सिमेंट भरून ती थांबत नाही, त्यामुळे डावीबद्दल मॅडमचं पटतं. दुधाच्या दाढेत भरतात ती पेस्ट मुळांबरोबर विरघळणारी असते, खालच्या दाताला आडवी येत नाही.

उजवी अजून दुखत नसेल आणि एक्स-रेमध्ये कीड नसेपासून लांब दिसली, तर हॉल पद्धतीबद्दल विचारा. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ती ओळखली जाते. सुई नाही, कोरणं नाही. किडीवरच सिमेंट लावलेली कॅप दाबून बसवतात. आत कोंडलेल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि कीड थंडावते.

मात्र गालाला सूज किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

नाशिककर_बाबा
आमच्या मुलाला पाचव्या वर्षी अशीच कॅप बसवली. चार दिवस आधी दाढांच्या फटीत निळ्या रबरी रिंगा घातल्या होत्या, त्याने जागा झाली. मग कॅप ठेवून वर कापसाची गुंडाळी दिली, 'घट्ट चाव' म्हणाले, झालं. पहिले काही दिवस दात नीट मिटत नव्हते, त्याने वरणभातावर काढले. महिन्याभरात आपोआप बसलं. सुट्टीत आजीकडे गेला तर 'माझा चांदीचा दात' म्हणून गल्लीभर आ करून दाखवत होता.

ताई, रात्री बाटलीने दूध देता का? आमचं मूळ कारण तेच निघालं.

ओवीची_आई
हो, देते. साखर घातलेलं, आणि पिता पिताच झोपते. आजपासून बाटली बंद, तहान लागली तर साधं पाणी. शनिवारी एक्स-रे आहे, सासूबाईंनाही सोबत नेतेय. त्या जागा सरकण्याचं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू देत.

लहान_दात
रात्री ब्रश तुम्ही स्वतः करा. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढीच. आणि ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही.