केआ पोपटाने भाड्याच्या गाडीचा वायपर खाल्ला, फॉर्मवर काय लिहू?

थोरला_जावई:
मुक्काम ‘ते अनाऊ’ नावाचं गाव, न्यूझीलंडचं दक्षिण बेट. काल मिलफर्ड साउंडला निघालो. वाटेत होमर बोगदा, सव्वा किलोमीटरचा पण अरुंद, म्हणून सिग्नलवर एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. थांबलो तर बॉनेटवर कावळ्याहून थोराड, हिरवा पोपट येऊन बसला. सासूबाई ‘विठू विठू’ करायला लागल्या. विठूने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या बाजूच्या वायपरचं रबर चोचीत धरून उसवायला घेतलं. हॉर्न दिला, ढिम्म. आतून काचेवर टकटक केलं तर दुसरा आला आणि एरियलला लटकला.

तेवढ्यात सिग्नल हिरवा, मागे गाड्यांची रांग. निघालो. बोगद्याच्या पलीकडे धो धो. मिलफर्डला वर्षाला ६००० मिलिमीटरहून जास्त पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा, आणि उघडी पट्टी काचेवर किर्रर्र. शेवटी कडेला थांबून सासूबाईंचा लोकरी मोजा पट्टीवर चढवला. मोजा पाणी पुसत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो.

परवा क्वीन्सटाउनला गाडी परत द्यायचीय. ‘नुकसान कसे झाले’ या रकान्यात ‘पोपटाने खाल्ला’ लिहिलं तर डिपॉझिट अडकवतील का? बायको म्हणते, झाडाची फांदी लिही.

क्राइस्टचर्चकर:
फांदीबिंदी अजिबात नको, खोटं लिहिलंत तर विम्यावर पाणी सोडा. सरळ ‘केआ’ लिहा, इथे कुणाला नवल वाटत नाही. आधी कंपनीला फोन करा, फोटो काढा. ब्लेडचे पैसे खिशातूनच जातील, एक्सेस (विमा असला तरी नुकसानीचा जो पहिला हिस्सा आपणच भरायचा तो) त्याहून कितीतरी जास्त असतो. खरी भीती दारांच्या काचांभोवतीच्या रबराची, ते बोटाने चाचपून बघा. तोवर डावीकडचं ब्लेड उजवीकडे लावून पाहा, आखूड असलं तरी बहुतेक बसेल.

सांगलीची_हळद:
मोज्याचा फोटो टाका!!

पक्षीवेडे_काका:
विठूला नावं ठेवू नका. मेंढ्यांना जखमी करतो म्हणून तिथे शंभरेक वर्षं त्याच्या चोचीवर बक्षीस होतं, दीड लाखाच्या आसपास मारले. १९८६ पासून पूर्ण संरक्षण, पण रानात आता काही हजारच उरलेत. एक वायपर त्यांना माफ. सासूबाईंनी खायला नाही ना दिलं? लोक खाऊ घालतात म्हणून तर ते गाड्यांपाशी घुटमळतात.

थोरला_जावई:
नाही हो काका. चकलीचा डबा उघडला होता, पण काच बंद होती. कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंचा पहिलाच प्रश्न, ‘होमर की आर्थर्स पास?’ (तो घाटही केआंचा अड्डा.) इथेच ब्लेड घ्या, पावती जपून ठेवा म्हणाल्या. एरियल वाकलाय, त्याचं परवा बघतील.

दोन_बॅगा_जास्त:
आम्ही जानेवारीत जातोय, टपावर बॅगा बांधायचा बेत आहे. चालेल?

क्राइस्टचर्चकर:
चेन उघडतात ते. आत ठेवा.