‘सोळाव्या ठाण्याचा इलियास’: सत्तेची टर की पोलिसांची जाहिरात?

पडदावेडा:
अलेकोस साकेलारिओसचा हा १९५९चा ग्रीक सिनेमा परत पाहिला. कोस्तास हाद्झिख्रिस्तोस त्यात भुरटा चोर. चोरीच्या बेतापायी पोलिसाचे कपडे चढवतो आणि लोक त्याला खराच पोलीस समजून आपल्या भानगडीत ओढतात. माझ्या मते त्या काळच्या अथेन्सचं इतकं खरं चित्र बऱ्याच गंभीर सिनेमांतही नाही. आत माणूस कोण आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, कपडे दिसले की बास. सत्तेची याहून तिखट टर कशी उडवणार?

कडूकारलं:
टर कसली, पोलिसांची फुकटची जाहिरात म्हणा! १९४९ला ग्रीसमधली सरकार आणि डाव्यांमधली यादवी संपली, कम्युनिस्ट पक्षावर १९४७पासून बंदी. सरकारी नोकरी हवी, पासपोर्ट हवा, तर ‘सामाजिक विचारांचा दाखला’ आणा, आणि तो देणार पोलीस. स्वतः काही केलेलं नसलं तरी बाप किंवा भाऊ डावा निघाला की काम अडलंच. कोण कुणाकडे बसतो-उठतो, याच्या फायली ठाण्यात. १९८९मध्ये त्या लाखोंनी पोलाद कारखान्याच्या भट्टीत जाळल्या. आणि सिनेमातला पोलीस कसा? घरगुती कुरबुरीत सापडलेला गोडगोड बिचारा!

पडदावेडा:
अहो, पटकथा आधी सरकारी मंजुरीला जायची. दाखल्याचा प्रसंग लिहिला असता तर सिनेमाच झाला नसता. चोराच्या अंगावर पोलिसाचे कपडे चढवणं तेवढं कात्रीतून सुटलं, तेही मला थोडं वाटत नाही.

नाट्यवेल्हाळ:
जरा मागे जातो, चालेल ना? प्राचीन ग्रीक नाटककार मेनान्द्रोसचं विनोदी नाटक ‘दीस्कोलोस’, इ.स.पू. ३१६. त्याचा जवळजवळ पूर्ण मजकूर छापून आला तो १९५८च्या सुमारास, म्हणजे इलियासच्या आगेमागेच. त्यात श्रीमंत घरचा सोस्त्रातोस कुदळ घेऊन रानात खणायला लागतो, मुलीच्या खडूस बापाला तो गरीब कष्टकरी वाटावा म्हणून. हाताला फोड, कंबर मोडलेली. लग्न जुळलं की कुदळ टाकायला मोकळा. इलियासला तशी सोय कुठे? त्याचं सोंग उघडं पडलं तर तुरुंग. ओळखीच्या घोटाळ्यात जोखीम कुणाची, ते बघा. त्या हिशेबाने साकेलारिओस मेनान्द्रोसपेक्षा धीट ठरतो.

उंबरठा७:
सगळे पोलिसाच्याच कपड्यांत अडकलात. त्या काळच्या अथेनियन विनोदी सिनेमांत आणखी एक गणवेश असतो, मोलकरणीचा एप्रन. खेड्यातून आलेली पोरगी दार उघडते, कॉफी आणते, बोलीवरून हशा मिळवते, संपलं. १९५२मध्ये ग्रीक बायकांना पूर्ण मताधिकार मिळाला, १९५६च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा देशभर मत दिलं. पडद्यावर मात्र हिला मत वगैरे काही नाही. वर्गभेदाची टर उडवणाऱ्यांना हा भेद दिसला नाही की चालून गेला?

पडदावेडा:
एप्रनचं पटलं. त्यावर हे सिनेमे खरंच आळशी आहेत.

कडूकारलं:
आणि सेन्सॉरचं कारण किती दिवस पुरवणार? १९७४ला ग्रीसमधली लष्करी हुकूमशाही गेली, दाखल्याचं प्रकरणही संपलं. तरी हे सिनेमे ग्रीक टीव्हीवर फिरून फिरून लागतात, आणि लोकांना तोच गोड पोलीस हवासा वाटतो.

पडदावेडा:
हवासा वाटतो तो चोर हो. पोलीस त्यात आहेच कुठे?