कुशीवर वळलं की सीपॅपच्या मास्कमधून हवा निघते, काय करावं?

तेरणा
वडील ६६ वर्षांचे, ऑटो सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून दाबानं हवा देणारं, दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन), प्रेशर ७ ते १४. नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क, मीडियम साईज. उताणे असले की काही त्रास नाही. डाव्या कुशीवर वळले की नाकाच्या कडेनं हवा सुटून डोळ्यात जायलीय. पट्टे कसून नाकाच्या दांडीवर वळ उठलेत, तरी फुसफुस चालूच. सकाळी मशीनवर लीक ३८ दिसतं. रात्री कवळी काढून ठेवतात. मास्क बदलावा का उशी? मास्क मी रोज धुते, त्यामुळं तो घाण असल्याचा प्रश्न नाही.

गोदाकाठ
ताई, आधी पट्टे सैल करा. तुमच्यासारख्या बहुतेक मास्कच्या कुशनला, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या कडेला, दोन पदर असतात. चेहऱ्याकडचा पातळ पदर मशीनच्या हवेनं फुगतो आणि कातडीला चिकटून बसतो. कुकरची रिंग आतल्या वाफेनं घट्ट बसते, तसंच हे. पट्टा जास्त कसला की तो पदर चुरगळतो, त्याला घडी पडते आणि हवा त्या घडीतून निघते. हवा निघाली म्हणून आपण आणखी कसतो. नाकावरचे वळ त्याचेच.

दुसरं, मास्क बसवायचा तो झोपवून, आणि तेही कुशीवर. खुर्चीत बसवून केलेलं फिटिंग रात्री कामाचं राहत नाही, कारण आडवं झालं की गाल आणि जबडा ढळतो. असं करा:

चारही पट्टे ढिले करून वडिलांना त्यांच्या नेहमीच्या उशीवर उताणं झोपवा. कवळी काढलेली असू द्या, जबडा सैल. कवळी निघाली की ओठ-गाल आत जातात, म्हणून कवळी घालून घेतलेलं माप रात्री चुकतंच. मशीन चालू करा. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये ‘मास्क फिट’ असेल तर तेच लावा, म्हणजे उपचाराच्या प्रेशरनं हवा येते. तो पर्याय नसेल तर रॅम्प (कमी प्रेशरनं सुरू होऊन हळूहळू चढणं) बंद ठेवा. रॅम्पच्या ४-५ प्रेशरला कोणताही मास्क छान बसतो, खरी परीक्षा पुढंच असते.

आता वरचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, मग खालचे. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला पाहिजेत. मग मास्क धरून चेहऱ्यापासून बोटभर पुढं ओढा, कुशन फुगू द्या आणि हळूच परत टेकवा. ही एक कृती लोक सोडून देतात आणि निम्मी गळती तिथंच उरते. आता डाव्या कुशीवर वळवा. डोळ्याकडून हवा आली तर वरचे पट्टे जरा जरा ओढा, हनुवटीकडून आली तर खालचे. एका वेळी थोडंच, आणि दर वेळी कुशन उचलून परत टेकवायचं. मग उजव्या कुशीवर. दोन्हीकडं जमलं की हुक काढून मास्क उतरवायचा. पट्ट्याच्या वेलक्रोला रोज हात लावायचा नाही, नाहीतर रोज नवं फिटिंग.

एवढं करूनही नाकाच्या कडेनंच सुटत असेल तर साईज चुकलीय, बहुतेक मोठी आहे, असं समजा. कंपनीचा मापाचा कागद प्रिंट करताना शंभर टक्के आकारात काढा. ‘पानात बसवा’ पर्याय लागला की माप लहान छापतं.

बालाघाट
३८ या आकड्यावरून घाबरण्याआधी मशीन कुठलं ते सांगा. मास्कला मुद्दाम बारीक छिद्रं ठेवलेली असतात, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला. त्यातून प्रेशरप्रमाणे मिनिटाला साधारण २० ते ५० लिटर हवा जातेच, आणि जायलाच पाहिजे. रेसमेड ती वजा करून फक्त नको असलेली गळती दाखवतं, आणि तिथं २४ लिटर ही मर्यादा धरतात. काही कंपन्यांची मशीनं दोन्ही मिळून एकूण आकडा दाखवतात. तिथं १२ प्रेशरला ३८ म्हणजे कदाचित काहीच बिघडलेलं नसेल. मास्कच्या माहितीपत्रकात प्रेशरनुसार तक्ता असतो, त्याच्याशी ताडून बघा.

आणखी एक, सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार ‘फुल फेस’ आहे ना? तिथं ‘पिलोज’ (नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क) राहिलं असेल तर मशीन वजाबाकीच चुकीची करतं.

मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर ऑस्कर नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये रात्रभराचा आलेख दिसतो. लीकची रेघ एकदम वर जाऊन तिथंच सपाट राहिली तर मास्क सरकलाय. प्रेशर चढताना लीकही चढत असेल तर प्रश्न प्रेशरचा, आणि तो डॉक्टरांकडं न्यायचा. प्रेशरच्या सेटिंगला आपण हात लावू नये. कुशीवर साधारणपणे प्रेशर कमीच लागतं, म्हणून तुमच्याकडं पहिलीच शक्यता जास्त वाटते.

मांजराकाठ
खरा गुन्हेगार उशी. फोमची जाड उशी दाबली की परत उसळते आणि मास्कची चौकट उजवीकडं ढकलते. पट्टे कितीही ओढा, उशीपुढं ते हरतात.

सीपॅपसाठी कडेला खाच असलेल्या उशा ऑनलाइन मिळतात, पण आपल्या भागात त्याची गरज नाही. गादीवाल्याकडून साधी कापसाची उशी करून घ्या, थोडी कमी भरलेली. कापूस हातानं सरकवता येतो. गालाखाली खोलगा करा, कानाच्या मागं भर ठेवा, म्हणजे डोकं उशीवर आणि मास्क उशीच्या काठाबाहेर राहतो. उंची खांद्याएवढी: कुशीवर असताना नाक आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत पाहिजे. उशी बुटकी असली की मास्क गादीत रुततो. नुसतीच उंच करून हनुवटी छातीला लागली तर घसा दबतो, ऑटो मशीन प्रेशर चढवतं आणि परत लीक. पाठीशी सोलापुरी चादरीची गुंडाळी लावली तर माणूस अर्धवट उताणा होत नाही.

दुधना
तोंडाला टेप लावा, विषय संपला.

बालाघाट
नाही. मास्क फुल फेस आहे, तोंड उघडलं तरी हवा मास्कमध्येच राहते, मग टेप कशाला? आणि झोपेत उलटी झाली तर तोंड बंद, हे जिवावरचं आहे. नाकाच्या मास्कवाल्यांना सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर आधी नाक चोंदलंय का ते बघावं, मग डॉक्टरांना विचारून हनुवटीचा पट्टा.

गोदाकाठ
नळीकडं बघा, हे वर राहिलं. नळी साधारण सहा फूट असते. छातीवरून खाली लोंबत असेल तर वळताना मास्क ओढते. डोक्याच्या मागच्या भिंतीवर खुंटी मारा, तिच्यावरून नळी डोक्याकडं सोडा आणि या कुशीवरून त्या कुशीवर जाता येईल एवढी ढील ठेवा. उशीखालून नळी नेऊ नका.

आपल्याकडं आणखी दोन गोष्टी. डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय असली की तेल कपाळावर उतरतं आणि सिलिकॉन घसरतं. तेल सकाळी लावावं, झोपताना तोंड साबणानं धुऊन कोरडं करावं, क्रीम नको. आणि मे महिन्यात घामानं हेडगिअर (डोक्याचे पट्टे) ओलं होऊन सैल पडतं. आठवड्याला एकदा कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. कुशन रोज धुता ते चांगलं, पण डेटॉल, सॅनिटायझर, कडक ऊन या तिन्हीनं ते कडक होतं. कडा कडक किंवा पिवळट झाल्या असतील तर धुऊन उपयोग नाही, कुशन बदला.

घामाला आणि वळांना जुन्या बनियनचं मऊ कापड कुशनच्या आकाराचं कापून मधे घालता येतं. हवेची छिद्रं झाकायची नाहीत.

तेरणा
मशीन रेसमेडचंच आहे, मास्कचा प्रकारही बरोबर निघाला. दोन शंका. मच्छरदाणी आहे, खुंटीवरून नळी कशी न्यायची? आणि दुकानदार म्हणतो, डोक्यावरून नळी जाणारा मास्क घ्या, कुशीवर झोपणाऱ्यांना तोच बरा. वडिलांना पेसमेकर आहे, चालेल का?

मांजराकाठ
नळी मच्छरदाणीच्या कापडावर टेकवू नका, वजनानं ओढ बसते. उशाकडची कड थोडी उचलून नळी आत घ्या, फट क्लिपनं बंद करा आणि आत पलंगाच्या उशाकडच्या दांडीला नळी सैल बांधा. खुंटी मग लागत नाही. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड वाजायला लागलं तर मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, नळीला कापडाचं कव्हर घाला, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) एक अंकानं कमी करा.

बालाघाट
दुकानदाराचं चूक नाही. रेसमेड एफ३०आय, फिलिप्स ड्रीमविअर या प्रकारात नळी डोक्याच्या माथ्यावर जोडलेली असते, त्यामुळं तोंडासमोर ओढ बसत नाही. यांचं कुशन मात्र नाकाच्या दांडीवर न येता नाकाखाली बसतं, म्हणजे डोळ्यात हवा जायचा प्रश्न मिटतो. अडचण अशी की हवा गालांवरच्या पोकळ बाजूंतून जाते. खालची बाजू उशीनं दाबली तरी वरच्या बाजूनं हवा येत राहते, पण दोन्ही दबल्या तर भागत नाही.

पेसमेकरचं नीट वाचा. पुष्कळ मास्कच्या खालच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतं, आत्ताच्या मास्कमध्येही असू शकतं, आज तपासा. क्लिप टक्‌कन आपोआप चिकटत असेल तर चुंबक आहे. कंपन्यांनी असं चुंबक पेसमेकरसारख्या उपकरणापासून किमान ६ इंच दूर ठेवायला, आणि पेसमेकर असलेल्यांनी असा मास्क वापरूच नये, असं सांगितलंय; शिवाय कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपलं, हनुवटी खाली आली की ते अंतर राहीलच असं नाही. चुंबक निघालं तर तो मास्क थांबवा आणि लगेच हृदयरोग तज्ज्ञांना फोन करा, बिनचुंबकाच्या क्लिपा मिळतात का ते विक्रेत्याला विचारा. नवा घेताना डब्यावर नको, प्रत्यक्ष क्लिप हातात घेऊन बघा.

गोदाकाठ
आणि विकत घ्यायच्या आधी दुकानात खाट मागा. मशीन सोबत न्या, कवळी काढा, कुशीवर झोपवून स्मॉल-मीडियम दोन्ही कुशन लावून बघा. जो दुकानदार झोपून बघू देत नाही, त्याच्याकडून मास्क घेऊ नका.