सावलीतलं कॅरेक्टर: रोग (Rogue), मंक की ग्लूम स्टॉकर?

गोदाकाठचा_गॉब्लिन
मंडळी, गंगापूर रोडच्या आमच्या टेबलावर पुढच्या महिन्यात नवं कॅम्पेन (सलग चालणारी कथा) सुरू होतंय. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, सुरुवात लेव्हल ३, शेवट साधारण ८. पॉइंट बाय (गुण खर्चून क्षमता घेणं) २७. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) नकाशे नाशिकच्या पांडवलेण्यांवर बेतलेत, म्हणजे निम्मा खेळ गुहांतच. पार्टीत चेन मेल (कड्यांचं चिलखत) घातलेला ह्यूमन पॅलाडिन (धर्मयोद्धा), ड्वार्फ क्लेरिक (पुजारी) आणि एल्फ ड्रुइड (निसर्गाचा जादूगार). मला अंधारातून येऊन अंधारात विरणारं कॅरेक्टर हवंय. शॅडो मंक (सावलीतून लढणारा साधू-योद्धा) डोक्यात आहे. डार्कनेस (काळोखाचा मंत्र) टाकून आतून लढलं तर चालेल का?

वीस_बाजूंचा
डार्कनेसचं खूळ आधी काढ. १५ फूट त्रिज्येच्या त्या गोळ्यात २०१४च्या नियमांनी मंकलाही दिसत नाही. तुला शत्रू दिसत नाही म्हणून डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी आकडा), त्याला तू दिसत नाहीस म्हणून ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला जास्त आकडा). दोन्ही कटतात आणि उरतो साधा रोल. वर क्लेरिकचा जखम भरणारा मंत्र हीलिंग वर्डही तुझ्यावर चालत नाही, कारण त्याला लक्ष्य दिसावं लागतं. पळताना दार बुजवायला वापर, बाकी नको.

शॅडो मंकची खरी मजा म्हणजे शॅडो स्टेप (एका सावलीतून थेट दुसरीत उडी), आणि ती मिळते लेव्हल ६ला. तुमचं कॅम्पेन ८ला संपणार, म्हणजे अर्ध्याहून जास्त खेळ तू तीन ते पाच ‘की’ पॉइंट (मंकच्या शक्तीचे गुण) मोजत काढणार.

मी ग्लूम स्टॉकर (अंधारातला रेंजर, म्हणजे शिकारी) घेईन. तो मूळ २०१४च्या पुस्तकात नाही, २०१७च्या पुरवणीत आहे, तेव्हा डीएमला आधी विचार. वुड एल्फ घे. पॉइंट बाय असा: डेक्स (चपळाई) १५, विझडम १५, कॉन (दमखम) १४, इंट (बुद्धी) १०, स्ट्रेंग्थ ८, करिझ्मा ८. बरोबर २७ होतात. वंशाचे धरून डेक्स १७, विझडम १६. आर्चरी स्टाइल घेतलीस की लाँगबोचा टू-हिट (नेमाच्या फाशात मिळणारी भर) लेव्हल ३लाच +७. इनिशिएटिव्हमध्ये (कोणाची पाळी आधी ते ठरवताना) विझडमचे +३ वेगळे. पहिल्या टर्नला एक जादा बाण, तो लागला तर वर १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशाइतकी) इजा.

रेंजर लेव्हल ५ पर्यंत (एक्स्ट्रा ॲटॅकसाठी, म्हणजे एका टर्नला दोन हल्ले), मग रोगची (छुप्या चोरट्याची) ३ लेव्हल. लेव्हल ६ला एक्सपर्टाइज (दुप्पट प्रावीण्य) मिळाली की डेक्स १८ धरून स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +१०. तोटा एकच: लेव्हल ८ला दुसरी ॲबिलिटी वाढ मिळणार नाही.

लेणं_नंबर_अठरा
बिल्ड ठीक आहे, पण घोडं अडतंय पॅलाडिनच्या मशालीपाशी. ग्लूम स्टॉकरच्या अम्ब्रल साइटमुळे तू अदृश्य असतोस ते फक्त काळोखात, आणि तेही डार्कव्हिजनवर (अंधारात दिसण्यावर) विसंबणाऱ्यांनाच. अंधुक उजेडात नाही. मशाल २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट अंधुक उजेड देते. तिसऱ्या किंवा दहाव्या लेण्यासारखा विहार असेल तर मधलं दालन मोकळं, खांब नाहीत, तीन बाजूंना कोठड्या. मधोमध एक मशाल आली की सगळं दालन उजळलं! लपायला कोठड्याच उरतात. अठराव्या चैत्यगृहात खांबांच्या रांगा आहेत, तिथे एका खांबाआडून बाण मारून दुसऱ्याआड जाता येतं.

उपाय ड्रुइडकडे आहे. लेव्हल ३ला त्याच्याकडे दुसऱ्या लेव्हलचे दोनच स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी). एकात पॅलाडिनवर डार्कव्हिजन: ८ तास टिकतं, कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर धरायचं लक्ष) लागत नाही. दुसऱ्यात पास विदाउट ट्रेस: तासभर, ३० फुटांतल्या सगळ्यांना स्टेल्थवर +१०. पॅलाडिन चेन मेलमुळे दोन फासे टाकून कमी आकडा घेतो, सरासरी ७ पडते. दहा मिळाले की १७. गॉब्लिनची पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता चाहूल लागायचा आकडा) ९, त्याला पुरून उरतात.

मात्र लांडग्यांपासून जपा. त्यांची १३ दिसते, पण वास आणि आवाजावर ॲडव्हान्टेज असल्याने धरायची १८. तिथे काळोख कामाचा नाही. आणि डार्कव्हिजनने काळोख तुम्हालाही अंधुकच दिसतो, म्हणजे नजरेने सापडणाऱ्या सापळ्यांसाठी तुमचीही पॅसिव्ह ५ने घसरते. बिनमशालीची पार्टी खड्ड्यात पडते ती यामुळे.

गोदाकाठचा_गॉब्लिन
ड्रुइड दोन्ही स्लॉट यात घालवायला तयार होईल असं वाटत नाही, त्याला मूनबीमची (चांदण्याच्या झोताच्या मंत्राची) हौस. लेव्हल ५ला मीच पास विदाउट ट्रेस घेतला तर? हंटर्स मार्क (हेरलेल्या सावजाला जादा इजा करणारा मंत्र) सोबत चालेल ना?

वीस_बाजूंचा
नाही चालणार, दोन्ही कॉन्सन्ट्रेशनचे. आत शिरताना पास विदाउट ट्रेस, पहिला बाण सुटला की तो सोडून मार्क. पण मार्क बोनस ॲक्शन (टर्नमधली एकच जोडकृती) खातो आणि रोगचं दुसरं लेव्हल आल्यावर लपणंही बोनस ॲक्शननेच. एका टर्नला दोन्ही नाही. तेव्हा ७व्या लेव्हलनंतर मार्क विसर, दर टर्नला लप. ॲडव्हान्टेज मिळालं की रोगचा स्नीक ॲटॅक (जादा इजा) लागू होतो, लेव्हल ८ला २डी६. ड्रुइडला सांग, लेव्हल ४ला तिसरा स्लॉट मिळतो, मूनबीम तेव्हा पाड.

लेणं_नंबर_अठरा
अजून एक, सेशन झिरोलाच (खेळाआधीच्या बैठकीतच) ठरवून घ्या: खांबाआड लपलेल्याने दर टर्नला त्याच खांबाआडून बाण मारला तर डीएम ॲडव्हान्टेज देणार का. नियमात डीएमला मोकळीक आहे आणि रोगवाल्यांची निम्मी भांडणं इथेच होतात. तो ‘नाही’ म्हणाला तर दोन खांबांत ३० फुटांच्या आत अंतर आहे का, ते नकाशावर चौकोन मोजून बघ. वुड एल्फचा स्पीड ३५ आहे, तेवढं सहज जमतं.