मामांची १९६६ ची हेरल्ड कार रोज बेळगाव-खानापूर चालवायची आहे, जमेल काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. आमचे गडहिंग्लजचे मामा गेल्या वर्षी वारले, त्यांची स्टँडर्ड हेरल्ड मामींनी मला दिली, "तूच चालवशील, बाकीचे भंगारात घालतील" म्हणाल्या. १९६६ ची, दोन दरवाजांची, ९४८ सीसी, मूळची पांढरी, मधे कधीतरी निळी मारलेली. सहा वर्षं शेडात उभी होती, टपावर पिंजराच्या पेंढ्या. नवीन बॅटरी घातली, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला आणि चौथ्या सेल्फला चालू झाली की! मामींच्या डोळ्यात पाणीच आलं. टेम्पोत घालून बेळगावला आणली.

मला शोपीस नको आहे. ड्युटी खानापुरात, जाऊन-येऊन ५०-५५ किलोमीटर होतात, बसला लटकून कंटाळलोय. खरं ज्याला विचारावं तो म्हणतोय आधी डेंटिंग-पेंटिंग कर, आणि एका मिस्त्रीने तर सरळ ओम्नीचं इंजिन बसवूया म्हणून सांगितलं, "पार्ट कुठं मिळणार तुला याचे". परवा पहिल्या गेटला रेल्वे जाईपर्यंत दहा मिनिटं थांबलो तर काटा पार टोकाला आणि बॉनेटमधनं वाफ. बजेट दीड लाख, तेही एकदम नाही. सुरुवात कुठून करू? आणि कागद अजून मामांच्याच नावावर आहेत, गाडी महाराष्ट्र पासिंग.

उद्यमबाग_लेथवाला:
ओम्नीचं इंजिन अजिबात घालू नका. घालून चालतं, चालत नाही असं नाही, खरं मग माउंटिंग बदला, शाफ्ट बदला, आरसीवर इंजिन बदलाची परवानगी घ्या, एवढं करून हातात काय तर हेरल्डच्या अंगातली ओम्नी. ९४८ चं इंजिन साधं आहे. हेच इंजिन जुन्या स्टँडर्ड टेनलाही होतं त्यामुळे पार्ट शोधताना नुसतं हेरल्ड हेरल्ड करत बसू नका, टेनचे पण विचारा. आणि जे मिळत नाही ते करून मिळतं, आपण बेळगावात राहतो, फौंड्री आणि लेथ दोन्ही इथं दारात आहेत. पुण्यामुंबईच्या हौशी लोकांना एका बुशसाठी महिना थांबावं लागतं, तुम्ही सकाळी नमुना दिलात तर संध्याकाळी घेऊन जाल.

गरम होतंय त्याचं कारण बहुतेक ब्लॉकमधला क्षार आहे. आपलं बोअरचं पाणी कसलं आहे माहीत आहे ना, घरातली बादली बघा. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलेलं असतंय. ब्लॉकचे प्लग काढून आतून साफ करा, रेडिएटरचा कोर नवीन टाका, पुढं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) आहे का बघा, आपल्याकडच्या मिस्त्रींना गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची खोड आहे.

हेड काढलंत तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक मटेरियलच्या बसवून घ्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर चालायची, ते २००० साली देशात बंदच झालं, रोज ५० किमी पळवली तर मऊ सीट खात जाते आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या पण बदला, आत्ताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते खातं. नळी गरम इंजिनवर फुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फुकटातलं. गाडी बंद ठेवा, बॉनेट उघडा, एकाला क्लच दाबायला आत बसवा आणि तुम्ही पुढं क्रँकच्या पुलीकडं बघा. क्लच दाबला की पुली पुढं सरकते का? एक-दोन दशांश मिलिमीटर चालतं, डोळ्याला दिसायला नको. दिसत असेल तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढंमागं सरकू न देणारे, गेलेत. ते अर्धगोल पत्र्यासारखे असतात, झिजून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात आणि मग क्रँक सरळ ब्लॉकला घासतो. ब्लॉक गेला की मी पण काही करू शकत नाही. आणि सिग्नलला, गेटला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर सोडा, न्यूट्रल करा.

निपाणीचा_काका:
पोरा, इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. पुढचं चाक दुमडलं तर काय करशील?

माझ्याकडं ही गाडी १९८४ पासून अकरा वर्षं होती. तंबाखूच्या सीझनला निपाणी-संकेश्वर रोज दोन फेऱ्या. हिच्या पुढच्या चाकाच्या खालच्या बाजूला पितळी ट्रनियन असतोय, आत आटे, त्या आट्यांवर चाक वळतं. त्यात ग्रीस घालायचं नसतं, गिअर ऑइल, ९० नंबरचं. मला कुठं माहीत! आमचा मिस्त्री सगळ्या निपलना ग्रीसची गन लावायचा, मी पण खूश, काय मस्त सर्व्हिस केली म्हणून. घट्ट ग्रीस आट्यांपर्यंत जातच नाही, आत पाणी शिरतं, गंज धरतो. एक दिवस तवंदी घाट उतरून गावात आलो, स्टिअरिंग फुल कापून गाडी वळवायला गेलो आणि कट्ट आवाज. डावं चाक मडगार्डखाली आडवं. पाच-सातच्या स्पीडला होतो म्हणून हे लिहायलोय. तेच पंधरा मिनिटं आधी घाटात झालं असतं तर... असो.

तर तू पेंटचं नाव काढू नको. गाडी जॅकवर घे, दोन्ही बाजूचे ट्रनियन आणि त्यात जाणारी उभी लिंक काढून आटे बघ. गंजाचे खड्डे दिसले तर लिंक वापरायची नाही, घासून पॉलिश करून तर अजिबात नाही. हा भाग ट्रायम्फ स्पिटफायरला पण तोच आहे, ती स्पोर्ट्स गाडी हेरल्डचीच चेसी आखूड करून बनवली, त्यामुळे इंग्लंडमधून अजून नवीन मिळतो. डावा उजवा वेगळा, आटे उलटे, मागवताना बघून मागव. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा ऑइल.

दुसरं, मागची चाकं. स्प्रिंगचा आडवा एकच पाटा आणि दोन्ही अ‍ॅक्सल मधल्या डिफरन्शिअलपासून झुलतात. वळणात जोरात शिरून घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडलास की मागचं चाक आत दुमडतं आणि शेपूट बाहेर. चोर्ल्यात माझ्या मेव्हण्याने करून दाखवलंय, गाडी उलटं तोंड करून उभी. ब्रेक वळणाआधी, वळणात पाय हलका ठेवून थोडा रेस. चारही ड्रम ब्रेक आहेत, त्यात ब्रेकची लाइन एकच, ती फुटली तर चारही चाकांचं गेलं. मास्टर सिलिंडर आणि नळ्या नवीन घाल, हँडब्रेक नीट धरतो का बघ.

बाकी गाडी सोनं आहे. २५ फुटांत वळते, गणपत गल्लीत रिक्षावाले बघत राहायचे.

चंदगडी_भावा:
वरचे सगळे मेकॅनिक झाले, मी कागदाचं बोलतो. दादा, पहिल्या गेटला गेलात ते कुठल्या पेपरवर? मालक वारलेला, पासिंग दुसऱ्या राज्याचं, धडक झाली तर इन्शुरन्सचं भांडण लागेल.

आधी कोल्हापूर आरटीओ. मालक वारले म्हणून फॉर्म ३१, वारस मामी, तिथून तुमच्या नावावर. आरसीची मुदत संपली असेल तर ती पण तिथंच वाढवून घ्या. मग फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असं पत्र, मग बेळगावात केए २२ नंबर आणि इकडचा टॅक्स, गाडीचं वय धरून लावतात. मी चंदगडची बाइक बेळगावला आणताना सहा फेऱ्या मारल्या, इकडची खिडकी म्हणते तिकडचं पत्र आणा आणि तिकडची म्हणते इकडचं, कानडी-मराठी दोन्ही येत असून डोकं चालेना.

आणि एक, कुणी एजंट म्हणेल व्हिंटेज नंबर घ्या, "व्हीए" वाला, भारी दिसतो. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ ला तो नियम आला, २० हजार फी. खरं त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्याच कामाला. तुम्हाला खानापूरला ड्युटीला जायचंय, साधाच नंबर ठेवा.

शहापूरचा_पप्प्या:
रोज??? जुलैमध्ये खानापूरचा पाऊस बघितलाय काय. वायपर, लाइट एकदम लावले की डायनॅमो रडतो. २२ अँपिअर फक्त. अल्टरनेटर घाला, त्याआधी बॅटरीचा प्लस बॉडीला आहे का मायनस ते बघा, जुन्या इंग्लिश गाड्यांत उलटं असायचं, उलट जोडलात तर अल्टरनेटरचे डायोड तिथंच जळतील. आणि एक स्कूटी ठेवा बाजूला.

टिळकवाडीकर:
सगळ्यांना लै आभारी. पप्प्या, स्कूटी आहे, बायकोची, ती देत नाही.

काका, काल डावं चाक काढलं. निपलमधून काळं ग्रीस आलं, दगडासारखं. मामांनी कधी कुणाला गाडीला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः करायचे, म्हणजे हे त्यांनीच घातलं असणार. मामींना सांगितलं नाही. दोन्ही बाजूचं इंग्लंडहून मागवायचं ठरवलंय, दीड लाखातले पहिले पैसे त्यातच. चंदगडी भावा, सोमवारी कोल्हापूरला जातोय, तोवर गाडी गेटच्या बाहेर नाही.

लेथवाले, पुलीची टेस्ट केली. पोराला आत बसवलं, क्लच दाब म्हणालो. पुली पुढं आली. नखाच्या जाडीएवढी असेल, खरं डोळ्याला स्पष्ट दिसली.

उद्यमबाग_लेथवाला:
आता सेल्फ मारू नका, एकदा पण नाही. टेम्पोत घालून उद्यमबागेत आणा, चेंबर आपण दोघं मिळून खोलू. पोरालाही घेऊन या.